जुनी नथ ऑनलाइन घेताना: सोन्याचं वय वेगळं, मोत्यांचं वय वेगळं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, लग्नानंतर ती अमेरिकेला जाणार. इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याकडची नथ आणि तन्मणी (मोत्यांच्या पदरांचा गळ्यातला दागिना) तुमच्या मनात भरलेत. नथ ‘११ ग्रॅम, पेशवेकालीन, अस्सल बसरा मोती’, आणि तन्मणी ‘त्याच घराण्यातला’. सोबत एक छापील प्रमाणपत्र आहे. माल परत घेणार नाही असं त्याने आधीच सांगितलंय, आणि अजून दोघीजणी मागे लागल्यात म्हणून दोन दिवसांत पैसे मागतोय. मोती खरे आहेत हे फोटोवरून कसं ओळखायचं आणि दातावर घासून बघायची युक्ती कितपत खरी, असं तुम्ही विचारलंय.

मी जुन्या मोत्यांच्या दागिन्यांची तपासणी, किंमत आणि गाठवणी हे काम करते, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते: या अटींवर घेऊ नका. अटी बदलल्या तर नथ विचार करण्यासारखी आहे. तन्मणीबद्दल माझी शंका जास्त आहे, पण गंमत म्हणजे तपासायला तोच सोपा आहे.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन गुंतलेत. नथीची घडण किती जुनी? तिच्यातले मोती कोणत्या जातीचे? आणि हे मोती पहिल्यापासून याच नथीत होते का? विक्रेते पहिल्याचं उत्तर देतात आणि बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यातच आलं असं गृहीत धरायला लावतात. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या नथींमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते हेच, सोनं जुनं आणि मोती नवे. यात दरवेळी लबाडी असते असंही नाही. नथ वापरातली वस्तू आहे. मोती निखळतो, घामाने मंद होतो, तार तुटते. सोनार दुरुस्ती करताना हाताशी असेल तो मोती बसवतो. दोन पिढ्यांत अशा चार दुरुस्त्या झाल्या की मूळचे मोती निम्मेही उरत नाहीत. काही वेळा मात्र जुने मोती मुद्दाम काढून वेगळे विकलेले असतात आणि सांगाड्यात नवे भरून तो ‘जशीच्या तशी जुनी नथ’ म्हणून येतो.

घडणीपासून सुरुवात करू, कारण फोटोवरून थोडंफार कळतं ते तिच्याबद्दलच. पेशवाई १८१८ साली संपली. म्हणजे तुमचा विक्रेता दोनशेहून जास्त वर्षांचा दावा करतोय. नाकात घालायची आणि तासन् तास हलणारी इतकी नाजूक वस्तू एवढी वर्षं टिकणं अशक्य नाही, पण ती अशी लखलखीत, एकही डाग (सोनाराने दिलेला जोड) किंवा सांधा न दिसता टिकणं मला पटत नाही. मधल्या लाल खड्याकडे बघा. वितळवून बनवलेलं कृत्रिम माणिक बाजारात मोठ्या प्रमाणावर आलं ते फ्रान्सच्या व्हर्न्युईने १९०२ साली आपली पद्धत जाहीर केल्यानंतर. ते भिंगाखाली ओळखू येतं, आतल्या रेषा वळणदार असतात आणि कधी कधी हवेचे बुडबुडे दिसतात. खडा तसा निघाला तर एक तर नथ विसाव्या शतकातली किंवा खडा बदललेला. जुन्या हाताच्या कामात खडे सहसा एकसारखे नसतात, ते बसवायची घरंही थोडी तिरकी असतात. तुमच्या फोटोत सगळे खडे मापात कापलेले दिसतात. दुसरं, मागची बाजू. हाताने ओढलेल्या तारेच्या कामात जाडी किंचित कमीजास्त होते, डाग दिलेल्या जागी थोडी फुगवटी राहते. साच्यातून ओतलेल्या नव्या कामात बारीक खड्डे आणि दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी नक्षी दिसते. विक्रेत्याने मागच्या बाजूचा एकही फोटो टाकलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

हॉलमार्कवर तुम्ही बरीच भिस्त ठेवलीय. तो सोन्याची शुद्धता सांगतो, वय सांगत नाही. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, २०२१ पासून आला. तुमच्या नथीवर तो असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, शुद्धता तरी पक्की होईल. जुन्या वस्तूवरही नंतर हॉलमार्क करून घेता येतो, म्हणून तो असणं संशयास्पद नाही आणि नसणंही नाही. कुंदन आणि जडावाच्या दागिन्यांना तर सक्तीतून सूटच आहे.

आता मोत्यांकडे वळते. ‘बसरा’ हे नाव आखाती मोत्यांना इराकमधल्या बसरा बंदरातल्या व्यापारावरून चिकटलं. बहारीन, कुवेत आणि आसपासच्या किनाऱ्यावर पाणबुडे शिंपले काढायचे आणि त्यातला मोठा माल मुंबईत यायचा. इथे त्याची प्रतवारी व्हायची, वेज (ओवायचं भोक) पाडलं जायचं, लडी बांधल्या जायच्या आणि मग तो पॅरिस-लंडनला जायचा. या धंद्याच्या वैभवाच्या काळात, १९१२ साली, पॅरिसच्या प्रसिद्ध जवाहिऱ्या घराण्यातला जाक कार्तिए स्वतः आखातात मोती बघायला गेला होता. मग जपानच्या मिकिमोटोचे गोल कल्चर मोती, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले मोती, आले. १९२१ च्या सुमारास ते युरोपच्या बाजारात पोचले आणि नैसर्गिक मोत्याचे व्यापारी हादरले. त्यावर १९२९ ची मंदी आली, १९३२ मध्ये बहारीनला तेल सापडलं, आणि पाणबुड्यांचा तो धंदा बघता बघता बसला. म्हणून आज कुणी ‘नवा बसरा माल आलाय’ म्हणालं की मी पुढचं ऐकतच नाही. जो काही आहे तो जवळपास सगळा जुन्या दागिन्यांतून फिरणारा.

या तारखांचा तुम्हाला थेट उपयोग आहे. समुद्रातल्या कल्चर मोत्यात शिंपल्याच्या कवचाचा गोल मणी घातलेला असतो आणि त्यावर मोत्याचा थर चढतो. असा मोती नथीत निघाला तर तो मोती पेशवाईतला सोडाच, विसाव्या शतकाच्या आधीचाही नाही, एवढं ठाम सांगता येतं. गोड्या पाण्यातले चिनी मोती बाजारात आले ते १९७० नंतर, आणि चांगले गोल, स्वस्त मोती मुबलक मिळायला लागले ते त्याहूनही नंतर. यांच्यात बहुतेक वेळा मणी नसतो, नुसता मांसल पडद्याचा तुकडा घालून मोती वाढवतात. आज ‘बसरा’ म्हणून जे विकलं जातं त्यात हेच सगळ्यात जास्त. हैदराबादच्या मोत्यांच्या बाजारातही आज बहुतेक माल हाच असतो. त्यात वाईट काही नाही. मोती म्हणून ते खरेच आहेत, फक्त किंमत त्यांची असावी. आणि तिसरी जात म्हणजे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर लेप दिलेले नकली मोती.

मोत्याचं खरं बोलणं वेजाशी असतं. दहापट भिंग घ्या, मोती उजेडाकडे तिरका धरा आणि भोकाच्या कडेवर नजर स्थिर करा. नकली मोत्यात कडेला लेप रंगासारखा दुमडलेला किंवा पोपडा सुटलेला दिसतो आणि खाली काच चमकते. मणी घातलेल्या कल्चर मोत्यात वरचा थर कुठे संपतो ती रेघ दिसते, बऱ्याचदा तपकिरी, आणि तिच्या आत वेगळाच पांढरा गाभा. मागून मोबाइलचा टॉर्च लावून मोती हळूहळू फिरवला की त्या गाभ्यातले सरळ, समांतर पट्टे चमकून जातात. नैसर्गिक मोत्यात अशी सीमारेषा नसते. थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे आतपर्यंत जातात, कडा स्वच्छ असते आणि भोक फार बारीक असतं. हे बारीकपण मला सगळ्यात आधी खुणावतं. नैसर्गिक मोती वजनावर विकला जायचा, त्यामुळे वेज पाडताना जितकं कमी खरवडलं जाईल तितकं बरं. साधारण ०.३ मिलिमीटरचं भोक. कल्चर मोत्याला सर्रास त्याच्या दुपटीने मोठं भोक पाडतात.

यातली मर्यादाही सांगते. गोड्या पाण्यातल्या चिनी मोत्यात मणी नसल्यामुळे वेजाकडे बघून तो आणि नैसर्गिक मोती यांत फरक करणं भिंगाने जमत नाही. जाणकार डोळा आब (चमक), रंग आणि आकारावरून अंदाज बांधतो, पण त्याला अंदाजच म्हणायचं. तिथे एक्स-रे लागतो.

नथीत आणखी एक अडचण असते. मोती सोन्याच्या तारेत ओवलेले असतात, सुटे करून भोक बघता येत नाही. पण तार बघता येते. बारीक वेजातून जाणारी तार बारीकच असणार. विक्रेत्याला सांगा, तार मोत्यात शिरते त्या जागेचा अगदी जवळून फोटो पाठवा. तार जाड असेल आणि मोती चारच मिलिमीटरचा, तर भोक मोठं आहे हे न बघताही कळतं. उलट तार बारीक असूनही भोकाभोवती पोकळी दिसत असेल तर त्या तारेवर मोती नंतर बदलला असावा.

झीजही बघा. नथीतला मोती ओठाला, गालाला लागतो. घाम, पावडर, कुंकू, सगळं त्याच्यावर बसतं आणि घामातल्या आम्लाने वरचा थर विरघळतो. साठ-सत्तर वर्षं वापरलेल्या नथीत आतल्या बाजूचे मोती मंद आणि बाहेरचे उजळ असतात. लडीतले जुने मोती एकमेकांना घासून बाजूने झिजतात आणि पिंपाच्या आकाराचे होतात. तुमच्या फोटोत सगळे बावीस मोती एका जातीचे, एका चमकेचे, एका मापाचे आहेत. आखाती मोत्यांत मलईसारखी, हलकी पिवळसर, कधी गुलाबी झाक असते आणि बावीस मोती इतके जुळवणं त्या काळातही फार महाग काम होतं. नथीसाठी तेवढा खटाटोप करणारी घराणी होती, पण ती थोडी. साध्या घरातल्या जुन्या नथीत उन्नीस-बीस चालायचंच.

दाताची युक्ती खरी आहे, फक्त तिच्याकडून लोक भलतीच अपेक्षा करतात. मोत्याचा थर सूक्ष्म पापुद्र्यांचा असतो, म्हणून दाताच्या कडेवर हलकेच फिरवला की खरखर लागते. काच आणि प्लॅस्टिक गुळगुळीत लागतात. पण कल्चर मोतीही खरखरतो आणि चिनी गोड्या पाण्यातलाही. म्हणजे ही युक्ती नकली बाजूला काढते, बसरा ओळखत नाही. विक्रेता व्हिडिओत मोती दाताला लावून दाखवतो आणि खाली ‘बघा, अस्सल बसरा’ लिहितो तेव्हा त्याने सिद्ध केलं ते इतकंच की मोती काचेचा नाही. बाकी मेणबत्तीवर धरणं, व्हिनेगरमध्ये बुडवणं, सुईने खरवडणं हे प्रकार करू नका. व्हिनेगरने खरा मोतीच विरघळतो. म्हणजे परीक्षा पास आणि विद्यार्थी गेला.

इथवरचं एका दमात सांगायचं तर घडण फोटोवरून निम्मी कळते, नकली मोती हातात घेतल्यावर कळतात, मणी घातलेले कल्चर मोती भिंगाखाली, आणि नैसर्गिक की गोड्या पाण्यातला हे प्रयोगशाळेत. विक्रेता मात्र शेवटच्या पायरीची किंमत पहिल्याच पायरीवर मागतोय.

म्हणून मी किंमत अशी लावते: जे सिद्ध झालं त्याचे पूर्ण पैसे, जे सिद्ध झालं नाही त्याचे स्वस्तातल्या शक्यतेप्रमाणे. तुमच्याच नथीवर करून दाखवते. चार मिलिमीटरचा गोल मोती साधारण ०.०९ ग्रॅमचा भरतो. बावीस मोती म्हणजे २ ग्रॅम. (तीन मिलिमीटरचा असेल तर प्रत्येकी ०.०४ ग्रॅमही नाही, आणि पाच मिलिमीटरचा ०.१८ ग्रॅम. आकार थोडा वाढला की वजन किती झपाट्याने चढतं ते यावरून दिसेल.) खड्यांचं अर्धा ग्रॅम धरू. ११ ग्रॅममधून हे वजा केलं की सोनं साडेआठ ग्रॅम. त्याला त्या दिवसाचा बावीस कॅरेटचा भाव लावा, पण शुद्धता तपासून. जुन्या नथीला जितके डाग तितकी शुद्धता खाली येते. त्यावर हाताच्या कामाची, जुन्या घडणीची रक्कम चढवा. ती किती हे आवडीवर आहे. मला मागचं काम स्वच्छ दिसलं तर मी सोन्याच्या किमतीच्या पाव ते एक तृतीयांशपर्यंत जाते. मोती आज सिद्ध नाहीत, म्हणून गोड्या पाण्यातल्या चांगल्या मोत्यांचा भाव. बावीस बारीक मोत्यांचा तो भाव सोन्यापुढे किरकोळ आहे. विक्रेत्याची किंमत मी तुमच्या आकड्यांवरून काढली तर ती सोन्याच्या जवळपास अडीचपट येते. म्हणजे घडणीची रक्कम सोडली तरी जवळपास निम्मे पैसे तो फक्त ‘बसरा’ आणि ‘पेशवेकालीन’ या दोन शब्दांचे घेतोय.

तुम्हाला त्याने बडोद्याच्या हाराची गोष्ट सांगितली म्हणालात. गोष्ट खरी आहे. गायकवाडांच्या मोत्यांतून केलेल्या दोन पदरी हाराला २००७ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ७० लाख डॉलरपेक्षा जास्त किंमत आली. पण त्यातले ६८ मोती साडेनऊ ते सोळा मिलिमीटरचे, जुळवलेले आणि तपासलेले होते. मोत्याची किंमत वजनाबरोबर सरळ वाढत नाही, उड्या मारत वाढते. चार मिलिमीटरच्या मोत्याला त्या हाराचा भाव सांगणं म्हणजे निव्वळ बोलबच्चन.

आता प्रमाणपत्र. तुम्ही जोडलेल्या कागदावर ‘नॅचरल पर्ल’ एवढंच लिहिलंय. पाणी खारं की गोडं, मोती किती, त्यातले तपासले किती, कोणत्या पद्धतीने, काहीच नाही. कागदावरचा फोटो नथीचा आहे की दुसऱ्याच एखाद्या नथीचा, हेही सांगता येत नाही. चांगल्या प्रयोगशाळेच्या अहवालाला क्रमांक असतो आणि तो तिच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. मुंबईत जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत मोत्यांची तपासणी होते. परदेशात बहारीनची दानात आणि स्वित्झर्लंडमधली एसएसईएफ या नावाजलेल्या संस्था. एक्स-रेमध्ये मोत्याची आतली रचना दिसते, शिवाय गोड्या पाण्यातले मोती मँगनीजमुळे एक्स-रेखाली चमकतात आणि खाऱ्या पाण्यातले साधारणपणे चमकत नाहीत. बसरा समुद्रातला, त्यामुळे चिनी माल इथेच उघडा पडतो. नथीत मात्र सोन्याची तार आणि घरं एक्स-रेच्या आड येतात आणि काही मोत्यांबद्दल निश्चित सांगता येत नाही.

मग करावी का तपासणी? ते पैशांवर अवलंबून. बारीक बावीस मोत्यांच्या नथीसाठी तपासणीचा खर्च आणि धावपळ मी सहसा सुचवत नाही. सोन्याच्या भावात नथ मिळत असेल तर घ्या आणि मोती नैसर्गिक निघाले तर लाभ समजा. सात-आठ मिलिमीटरच्या पुढचे मोती असतील, किंवा विक्रेता मोत्यांचेच पैसे मागत असेल, तर मात्र तपासणीशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि खर्च कुणाचा ते आधी ठरवा. मोती सांगितल्याप्रमाणे निघाले तर तुमचा, नाही निघाले तर त्याचा. खात्री असलेला विक्रेता याला तयार होतो.

ऑनलाइन खरेदीत मला विक्रेत्याच्या फोटोंपेक्षा त्याच्या उत्तरांवरून जास्त कळतं. त्याला आज हे मागा: खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, फिल्टर न लावता काढलेला व्हिडिओ. नथ डिजिटल काट्यावर ठेवलेली आणि आकडा दिसतोय असा फोटो. मागची बाजू, तार शिरण्याच्या जागा आणि अडकवायचा फासा जवळून. काळ्या मखमलीवर पिवळ्या दिव्याखाली प्लॅस्टिकचा मणीसुद्धा बसरा दिसतो, म्हणून मखमल नको, पांढरा कागद. यावर ज्याला सांगण्यासारखं काही असतं तो उलट आनंदाने दहा फोटो पाठवतो आणि दुरुस्त्या कुठे झाल्यात तेही दाखवतो. ‘विश्वास नसेल तर घेऊ नका’ असं उत्तर आलं तर त्याचा सल्ला माना. विक्रेते सांगतात त्या ‘आजीच्या पेटीतली वस्तू’ अशा गोष्टीबरोबर लग्नातला जुना फोटो, सोनाराची पावती, वाटणीचा कागद असं काही आहे का विचारा. जुन्या फोटोत तीच नथ दिसली तर घडणीच्या वयाला चांगला आधार मिळतो.

शोधताना एक लक्षात ठेवा, आपल्या सराफ बाजारात ‘अँटिक’ म्हणजे बहुतेक वेळा काळपट, मंद पॉलिशचा नवा दागिना. एट्सीवर ‘व्हिंटेज’ म्हणून टाकायला वस्तू वीस वर्षं जुनी असली की पुरतं. तिथे कुणी फसवत नसतं, वाचणाऱ्याचाच समज वेगळा होतो. मोठी रक्कम घालायची असेल तर सॅफ्रनआर्ट, अस्तागुरु यांसारख्या लिलावगृहांची जुनी सूचिपत्रं चाळा. घ्यायचं नसलं तरी चांगल्या नथीचं वर्णन कसं लिहितात आणि मोत्यांबद्दल किती जपून शब्द वापरतात ते कळेल. घेणार असाल तर हातोड्याच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, किमतीवर त्यांचं शुल्क आणि कर चढतो, तो आधी जोडा.

परत न घेण्याची अट विक्रेता वाटते तितकी दामटू शकत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार धंदा म्हणून ऑनलाइन विकणाऱ्याला जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही. पण त्यासाठी जाहिरातीत काय सांगितलं होतं ते तुमच्याकडे हवं. पोस्टचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, फोनवरचं बोलणं संपलं की ‘आत्ता ठरलं ते असं’ म्हणून व्हॉट्सॲपवर लिहून त्याचा होकार घ्या. बिलावर विक्रेत्याचं नाव-पत्ता, सोन्याचं निव्वळ वजन आणि मोत्यांपुढे ‘नैसर्गिक, खाऱ्या पाण्यातले’ असं लिहायला सांगा. इन्स्टाग्रामवर ठणकावून सांगणारी बरीच मंडळी बिलावर नुसतं ‘मोती’ लिहितात. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, काट्यावर वजन होईपर्यंत. रक्कम टप्प्यात द्या, सगळी आगाऊ नको. बिनसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल न देता रोख मागत असेल तर मोती कितीही सुंदर असले तरी सोडा. वस्तू चोरीची निघाली तर ती तुमच्याकडून जाते आणि पोलिसांना उत्तरंही तुम्हीच देता.

तन्मणीचं वेगळं सांगते. फोटोत आठ पदर आहेत, मोती तांदळासारखे लांबट, पांढरेशुभ्र आणि शेवटपर्यंत एकसारखे. मला ते गोड्या पाण्यातले वाटतात. खोड, म्हणजे पदरांना जोडलेला जडावाचा भाग, जुनं असू शकतं, कुंदनाचं काम त्यात बरं दिसतंय. पण अशा खोडाच्या आत लाख भरलेली असते, म्हणून त्याचं एकूण वजन सोन्याचं वजन समजू नका. पदर नव्या दोऱ्यात आहेत म्हणून तुम्ही शंका काढलीत, ती मात्र सोडा. रेशीम कुजतं, नियमित वापरातला तन्मणी दर काही वर्षांनी पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावाच लागतो, त्यामुळे नवा दोरा हे निगा राखल्याचं लक्षण आहे. तपासायला हा सोपा यासाठी की पदरांत धातू नाही. दोन मोती बोटांनी थोडे दूर सारले की वेजाची कड दिसते, आणि खोड सोडवून नुसते पदर एक्स-रेला देता येतात. विक्रेत्याला मोती दूर सारून दोन-तीन ठिकाणचे फोटो पाठवायला सांगा. खोडाची किंमत वेगळी आणि पदरांची वेगळी मागा. तो वेगळी सांगायला तयार नसेल तर नुसती नथ बघा. खोड आवडलं असेल तर तेवढंच घेऊन पदर तुम्हाला हवे तसे नवे गाठवून घेता येतील, आणि ते बरेच स्वस्तात पडेल.

राहिली अमेरिका. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे विक्रेत्याचं म्हणणं खरं असेल तर मुलीला ती नथ घेऊन विमानात बसता येणार नाही, आणि त्याच्याकडे परवाना असायला हवा. त्याला तो मागून बघा. माझा अंदाज आहे की त्याच दिवशी नथीचं वय साठ-सत्तर वर्षांवर येईल, आणि तेच तिचं खरं वय असण्याची शक्यता जास्त आहे. तसं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला काढता येतो. त्यासाठी फोटो आणि वस्तू दाखवावी लागते, वेळ जातो. डिसेंबरचं लग्न धरून अर्ज दिवाळीच्या आधी जायला हवा.